अंबूआत्याची भूमिका

श्रियानं मोबाइल पुढं धरला तेव्हा मालुबाई मेथी निवडत होत्या. बेळगावातल्या एका ग्रंथालयानं जुन्या नाटक कंपन्यांच्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं आणि तिच्या कॉलेजच्या मुली माहिती गोळा करत होत्या. फोटोत राजाच्या वेषातली एक बाई होती. कमरेला तलवार, ओठांवर मिशी.

"खाली नुसतं 'अंबुबाई, निपाणी' लिहिलंय. आज्जी, तुझं माहेर निपाणीचंच न्हवं? बघ, वळखीची वाटती काय."

"न्हाय गं," मालुबाई म्हणाल्या. सत्तावन्न वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या.

अंबुबाई त्यांची सख्खी आत्या. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि सोळाव्या वर्षी ती बायकांच्या नाटक कंपनीबरोबर निघून गेली. अंगानं उंच, आवाज खणखणीत, म्हणून वाट्याला राजाची कामं. तेव्हा माइक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत घसा ताणायचा. पुढं कोल्हापुरात मूकपटांत चमकली, पण बोलपट आले तोवर घसा पार बसला होता. कामं सुटली, कंपनी मोडली आणि आत्या भावाच्या दारात येऊन उभी राहिली. भावानं मागची खोली दिली. धाकट्या मालूची वेणी मात्र रोज तीच घालायची.

मालूला येळ्ळूरचं स्थळ आलं, तेव्हा सासू होऊ घातलेल्या बाईनं माजघरात डोकावून विचारलं, "ही कोण गं म्हातारी?"

नाटकात काम केलेल्या आत्याबद्दल पाहुण्यांना काय सांगायचं ते घरात कुणी ठरवलंच नव्हतं. एकवीस वर्षांची मालू बोलून गेली, "स्वयंपाकाला ठेवल्यात."

आत्यानं ऐकलं. तिचे खांदे उतरले, पदर कपाळावर आला आणि चहाचं तबक घेऊन ती पोक काढून बाहेर गेली. "साखर कमी पडली असंल तर सांगा, वैनी," म्हणत पाठमोरी न होता मागं सरकली. आत आल्यावर मालूला हळूच म्हणाली, "जमलं काय गं?" मालू हसली होती.

लग्नात सासरी निघताना मालू घरच्या एकेका थोरल्याच्या पाया पडली. मांडवाच्या कडेला आत्या पत्रावळी उचलत होती. नवरी स्वयंपाकिणीच्या पाया कशी पडणार? मालू समोरून गेली. आत्यानं मानही वर केली नाही. दोन वर्षांनी ती वारली, तेव्हा सासरी कोण गेलं म्हणून सांगायचं, या भीतीनं मालुबाई मातीलाही गेल्या नाहीत.

"मग 'माहिती न्हाय' असंच लिहिते," श्रिया उठली.

"बस," मालुबाई म्हणाल्या. "माझी आत्या हाय ती."

खुर्चीत पेपर वाचणाऱ्या भावकू आजोबांनी चष्मा वर केला. "तुला कुठली आलीया आत्या?"

"तुमच्या आईला जिनं चहा दिलता, ती."

"ती स्वयंपाकीण?"

"तिला स्वयंपाक येतच न्हवता. चहाबी आईनंच केलता."

आजोबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "आई घरी येऊन काय म्हणालती ठाव हाय? पोरगी जरा ताठ हाय, पण स्वयंपाकीण लई नम्र."

श्रियाला हसू आलं. आजीकडं बघून तिनं ते आवरलं. मालुबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि हात पदराला पुसले.

"तेबी लिव्ह," त्या म्हणाल्या.