बटाटेबाईंचं हृदय

मी चित्रकलेचा मास्तर. चोवीस वर्षं या शाळेत मुलांकडून फुलदाण्या काढून घेतोय, तेव्हा चित्र कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवू नये. म्हणून छातीठोकपणे सांगतो, आमच्या विज्ञानाच्या बाईंइतकी भिकार चित्रं मी जन्मात पाहिली नाहीत. त्यांचं जठर बटाट्यासारखं, मूत्रपिंड बटाट्यासारखं, आणि एकदा त्यांनी खरोखरचा बटाटा काढला तर तो मूत्रपिंडासारखा आला. मुलं त्यांना बटाटेबाई म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे. "खोटं काय त्यात?" म्हणतात आणि डबा उघडतात.

हात असा, आणि हौस मात्र दांडगी. खडू हातात घेतल्याशिवाय तोंडातून वाक्य फुटत नाही. रजेचा अर्ज कसा पुढे जातो हे एका नव्या शिक्षिकेला सांगायलाही त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चौकोन आणि बाण काढले होते. शेवटचा बाण मुख्याध्यापकांच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत जात होता. इतकी अचूक आकृती मी त्यांच्या हातून दुसरी पाहिलेली नाही.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी पचनसंस्था काढताना बाई मोठं आतडं विसरल्या. लहान आतड्यापाशी आकृती संपली. मागच्या बाकावरच्या एका मुलीचा आवाज वर्षभरात कोणी ऐकला नव्हता. ती उठून म्हणाली, "बाई, मग खाल्लेलं बाहेर कुठून पडणार?" वर्ग पोट धरून हसला. बाईंनी खडू तिच्या हातात दिला. "तूच कर बाई वाट." तिने केली. परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर एकाचंही चुकलं नाही.

तेव्हापासून बाईंची रीत ठरली. रोजच्या आकृतीत एक चूक, मुद्दाम घातलेली. ती सापडेपर्यंत वहीत काही उतरवायचं नाही. ज्याला सापडेल त्याने आपल्या हाताने पुसायची, नीट करायची आणि खडूचा उरलेला तुकडा घरी न्यायचा. पोरं त्या तुकड्यासाठी जीव टाकत. माझ्या तासाला झोपणारी कार्टी त्यांच्या तासाला बाकांवर चढायची. मला राग यायचा, हे लपवत नाही.

मग गेल्या वर्षी माशी शिंकली. एका वकिलांच्या मुलाने घाई करून आकृती आधीच उतरवली आणि अर्ध्या तासातून दाताच्या डॉक्टरकडे गेला. त्याच्या वहीत श्वास नाकातून निघून थेट जठरात पोचला होता. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब वही नाचवत ऑफिसात हजर. "माझा मुलगा हवेवर जगतो काय?"

आमचे मुख्याध्यापक आवाज चढवणाऱ्या कोणापुढेही शेपूट घालतात. त्यांनी बाईंना बोलावलं. "पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब येतायत. सातवीच्या फळ्यावर काही वेडंवाकडं दिसलं, तर पुढच्या वर्षीपासून वर्ग बंद. तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

आमचं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालचं एक कपाट. त्याची किल्ली चार वर्षांपूर्वी हरवली आहे.

बाई शिक्षकांच्या खोलीत येऊन बसल्या. डबा उघडला नाही. "सर, मला वर्ग सोडून दुसरं काही येत नाही हो," एवढंच म्हणाल्या. मला वाईट वाटलं. आणि आतून जरा बरंही वाटलं, कारण तपासणीच्या दिवशीची आकृती काढायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवलं होतं. "बाईंनीच काढली म्हणायचं. तुम्ही तोंड उघडू नका."

त्या दिवशी मी दोन तास आधी आलो. तक्ता समोर ठेवून लाल-निळ्या खडूंनी मानवी हृदय काढलं. झडपा, शिरा, बाण, सगळं रेखीव. बाई आल्या, बघून म्हणाल्या, "सुंदर आहे." त्यांचा चेहरा उतरलेला होता.

साहेब मागच्या खुर्चीत बसले, शेजारी मुख्याध्यापक. बाई म्हणाल्या, "ही रक्ताभिसरणाची आकृती." बस्स, पोरं सवयीने कामाला लागली. आज चूक नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"डावी बाजू उजवीकडे काढलीय!" एक ओरडला.

"गाढवा, ते समोरच्या माणसाचं हृदय आहे. उभा राहा माझ्यासमोर." दोघं समोरासमोर छातीवर हात ठेवून उभे राहिले. चूक बाद झाली.

"फुफ्फुसातून येणारी शीर लाल कशी? शिरा निळ्या ना?"

"तिच्यातून शुद्ध रक्त येतं म्हणून."

"मग ही झडप उलटी आहे!"

"उलटी असती तर रक्त मागे गेलं असतं. नीट बघ."

वीस मिनिटं हे चाललं. साहेबांनी प्रश्नांचा कागद काढला होता तो तसाच मांडीवर राहिला. शेवटी वर्गाची मॉनिटर उठली आणि निकाल दिल्यासारखी म्हणाली, "साहेब, यात चूकच नाही. म्हणजे ही आमच्या बाईंनी काढलेली नाही."

मुख्याध्यापकांचं पितळ उघडं पडलं. साहेबांनी विचारलं, "मग कोणी काढली?"

मी दारात उभा होतो. तोंड उघडू नका असा हुकूम होता. पण बाईंकडे पाहिलं आणि म्हणालो, "मी."

"उत्तम हात आहे," साहेब म्हणाले. "सांगा बरं सर, फुफ्फुसातून आलेलं रक्त पुढे कुठे जातं?"

मी फळ्याकडे पाहिलं. तो प्रत्येक बाण माझ्या हातचा होता, आणि मला काही म्हणजे काही सांगता येईना. पहिल्या बाकावरून कुजबुज आली, "डावीकडे, सर. डावीकडे."

बाईंचा वर्ग बाईंकडेच राहिला. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मुख्याध्यापकांनी कोणाला दाखवलं नाही, त्यावरून काय ते समजा.

आता माझा गुरुवारचा दुसरा तास मोकळा असतो. मी सातवीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. आठ महिने पोरांनी मला एकदाही जिंकू दिलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र कानाच्या आकृतीत एक उलटा बाण मला सगळ्यांच्या आधी दिसला. कान हुबेहूब बटाट्यासारखा होता. त्याला मी बोटही लावलं नाही. फक्त बाण नीट केला आणि खडूचा तुकडा खिशात घालून घरी आलो.