कोऱ्या लोखंडाला तेल

इंदरलाल कटरे यांची उमेदीची सारी वर्षे गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये फिटर म्हणून गेली. लोखंडाशी कसे वागावे, याचा एकच धडा जुन्या मिस्त्र्यांनी त्यांना दिला होता: नवा भाग कोरा बसवायचा नाही. शाफ्ट असो की बेअरिंग, आधी तेलाचा हात, मग मशीनवर. दसऱ्याला तेलात कालवलेल्या शेंदराचे बोट मिलच्या प्रत्येक चाकावर उमटे. तेथे घर्षण हाच शत्रू होता आणि त्याच्याशी झुंजण्यात इंदरलालांचा हात धरणारे कोणी नव्हते.

गोंदियाजवळच्या फुलचूर गावी त्यांच्या घरासमोर जुनी चारचाकी आली ती २००७ साली, धाकट्या भावाच्या आग्रहावरून. उमेंद्र जिल्ह्यातल्याच गोरेगावला राहून घरची धानशेती पाही. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्याला इंदरलाल आणि त्यांची बायको रुक्मा यांनीच वाढवले होते. बायकोमुलांसमोरही तो थोरल्या भावाचा शब्द खाली पडू देत नसे.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर गाडीचे पुढचे ब्रेक करकरू लागले. गॅरेजमध्ये गाडी टाकणे इंदरलालांच्या स्वभावात नव्हते. उमेंद्रने गोंदियातून चाकाबरोबर फिरणाऱ्या नव्या डिस्क आणि त्यांना दाबून धरणारे पॅड आणले आणि दसऱ्याच्या सकाळी दोघे अंगणात कामाला लागले. जॅक लावून चाके उतरवली. पॅड ज्यात बसतात ते कॅलिपर सोडवून तारेने वर टांगले, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर ताण यायला नको. जुन्या डिस्क झिजून त्यांच्या कडेला धार आली होती. नव्यांवर गंज धरू नये म्हणून कारखान्याचे तेल असते. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे उमेंद्रने ते पेट्रोलने पुसून काढले आणि तो पूजेचे नारळ आणायला चौकात गेला.

इंदरलालांच्या समोर दोन उघड्या, चकचकीत, कोऱ्या डिस्क राहिल्या. त्यांनी तेलाचा हात फिरवला. वर शेंदराचे स्वस्तिक काढले, हात जोडले, पॅड बसवले, चाके आवळली. ब्रेक हे घर्षणावरच चालणारे यंत्र आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. मात्र सणाच्या सकाळी हाताने डोक्याला विचारले नाही. उमेंद्र परतला तेव्हा गाडी जमिनीवर उभी होती.

संध्याकाळी सोने वाटायला सारे गोरेगावला निघाले. वाटेत मागच्या सीटवरून उमेंद्र म्हणाला, "भाऊ, ब्रेक धरून नाही राहिला. थांबवा ना."

"नवा माल आहे बे. बसाले वेळ लागते."

"जळल्यावानी वास येऊन राहिला."

"तू गाडी चालवून राहिला का मी?"

रुक्मा हसली. "बाप्पा, सणाच्या दिवशी तरी भांडू नका."

उमेंद्रच्या घराकडे जाणारी गल्ली तलावाच्या बाजूने उतरती आहे. उतारावर इंदरलालांनी पाय दाबला, पुन्हा दाबला. खाली ओट्यावर बसलेली माणसे उठून पळाली आणि गाडी ओट्यावर जाऊन आदळली. कोणी दगावले नाही, पण रुक्माचा हात मोडला. गर्दी जमली. त्या गर्दीत इंदरलाल भावावर ओरडले, "नकली माल आनला तू! वहिनीचा जीव घेतला असता!"

"भाऊ, वहिनी बसणार होती गाडीत. मी कायले नकली आनीन?"

एवढेच बोलून उमेंद्र चाकाजवळून वहिनीकडे वळला. रुक्माला दवाखान्यात त्यानेच नेले. मात्र त्यानंतर त्याने फुलचूरच्या घराची पायरी चढली नाही.

काही दिवसांनी गोंदियाच्या मिस्त्रीने चाके उघडली. पॅड तेलाने भिजलेले, कडांना लाल लेप. "चाचा, डिस्क पे सिंदूर किसने लगाया?" मिस्त्री हसत होता. इंदरलालांनी पॅड हातात घेऊन पाहिले. माल अस्सल होता.

त्याच आठवड्यात गोरेगावला जाऊन हे सांगता आले असते. पण आधी दिवाळीला सांगू असे त्यांनी ठरवले, मग धान कापणीनंतर, मग कुणाच्या लग्नात. ज्याला हाताला धरून वाढवले त्याच्यापुढे मान खाली घालण्याची सवय नव्हती. "जाऊन या ना," असे रुक्मा म्हणत राहिली, नंतर तिनेही म्हणणे सोडले.

अखेर २०१३ च्या उन्हाळ्यात ते एसटीने गेले. उमेंद्रने खुर्ची दिली, पाणी दिले, पाहुण्याला द्यावे तसे. सारे ऐकून तो म्हणाला, "मले त्याच दिवशी मालूम होतं, भाऊ. चाकाजवळ उभा होतो मी. तेलाचाच वास होता."

"मंग बोलला काऊन नाही?"

"चारचौघात तुमाले खोटं पाडू? तुमी बोलले होते चारचौघात, तर चारचौघातच तुमी सांगान, म्हणून वाट पाहिली. आता राहू द्या."

त्या वर्षीच्या दसऱ्याला इंदरलाल पुन्हा गोरेगावला गेले. तलावाजवळच्या ओट्यावर सोने द्यायला माणसे जमली होती. उमेंद्र आलाच नव्हता. तो लेकीकडे रायपूरला गेला होता. तरीही इंदरलाल उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "माल नकली नव्हता. तेल मी लावलं होतं. उमेंद्रची चूक नव्हती."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. बिसराम पटले हे त्यांतले सर्वांत वडीलधारे. त्यांनी आपट्याचे पान इंदरलालांच्या हातात ठेवत विचारले, "कोनता माल गा? कधीची गोष्ट करून राहिला?"

इंदरलालांनी सांगायला सुरुवात केली, पण एव्हाना माणसे सोने द्यायला पुढच्या घराकडे वळली होती.