भिंतीपलीकडचं पाणी

घर बांधताना माणूस सगळ्यात जास्त कशावर विसंबतो, असं मला कुणी विचारलं तर खरं तेच सांगेन : स्वतःच्या अकलेवर. देवाचं नाव नुसतं तोंडी लावायला. निदान माझं तरी तसंच झालं, आणि त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याच कुणी मोजली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

गंगेकाठी संकठा घाटाजवळच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला. शाळेत गणित शिकवायचं आणि घरी खालून वर पाण्याच्या बादल्या न्यायच्या, यात माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर नदीपलीकडे रामनगरला जमिनीचा तुकडा घेतला तेव्हा मी ह्यांना बजावलं, "आधी पाणी, वीज आणि सांडपाणी. भिंती मग." हे रेल्वेत होते, स्वभावाने शांत. म्हणाले, "तू म्हणशील तसं." मग चौकटीच्या वहीत मी सगळं आखलं. बोअर ईशान्येला, अर्थिंगचा खड्डा कुठे, पुढेमागे सोलर बसवलं तर तारांची नळी आत्ताच भिंतीतून कशी न्यायची, मोरीचा उतार किती. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा पश्चिमेच्या भिंतीला लागून, म्हणजे माझ्या बोअरपासून जितका लांब जाईल तितका. वही बघून मिस्त्री म्हणाला, "बहिनजी, इतना तो इंजीनियर को भी नहीं सूझता." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या पश्चिमेच्या भिंतीपलीकडे अम्मा राहायची. सत्तरीची, विधवा, एकटी. फुलांच्या माळा ओवून विकायची. तिच्या अंगणात, भिंतीपासून चार पावलांवर तिचा हातपंप होता. ती त्याला चापाकल म्हणायची. आम्हाला वीजजोडणी मिळायला बरेच महिने लागले, आणि मोटारीशिवाय बोअर म्हणजे जमिनीतलं नुसतं भोक. माझ्या इतक्या बारीक आखणीत ही एक गोष्ट बसली नव्हती. पाया भरला तो अम्माच्या पाण्याने, स्लॅबवर दिवसदिवस मारलं तेही तिचंच पाणी. मी संकोचून काही बोलले की म्हणायची, "पानी का क्या है बहिनजी, धरती का है. ले जाइए."

शोषखड्डा खणताना मिस्त्री थांबला. "उधर अम्मा का चापाकल है. थोड़ा हटा के खोदें?" खड्डा हलवायचा तर पुढच्या अंगणात घ्यावा लागला असता, आणि तिथे मी मोगऱ्याची जागा धरली होती. मी वही त्याच्यापुढे केली. "हमारे नक्शे में कोई चापाकल नहीं है." हे वाक्य मी बोलले आहे. ते आठवलं की आजही जीभ चावावीशी वाटते.

मोटार सुरू झाली, नळाला जोरात धार आली, तेव्हा नव्या स्वयंपाकघरात उभी राहून मी म्हणाले, "सुटले बाई! आता त्या चापाकलाच्या पाण्याचं नाव नको." माझी आई म्हणायची, घरात बोलावं ते जपून, वास्तू तथास्तु म्हणत असते. त्या क्षणी आई आठवली नाही. वास्तुशांतीला अम्माने दारासाठी झेंडूचं तोरण करून दिलं. मी प्रसादाचा द्रोण तिला भिंतीवरूनच दिला, आत ये म्हणाले नाही. पाहुण्यांची गडबड होती, अशी मीच माझी समजूत घातली.

रामनगरला आलो तरी जुन्या घाटावरच्या देवीचा, संकठामाईचा शुक्रवार मी सोडला नव्हता. अम्माला घाटाच्या पायऱ्या झेपत नसत, म्हणून दर शुक्रवारी ती भिंतीवरून एक माळ द्यायची, ओल्या फडक्यात गुंडाळून. "मेरी तरफ से, माई को." श्रावणात गंगा चढली, नावा बंद झाल्या आणि मी पुलावरून ऑटोने जाऊ लागले. अशाच एका शुक्रवारी ऑटोत कसलासा घाण वास येत होता. शेजारच्या माणसाच्या पिशवीकडे बघून मी नाक मुरडलं. देवळात पुजाऱ्यांनी माळ घेतली, देवीपाशी नेली आणि तशीच परत आणली. "बहिनजी, यह माला नहीं चढ़ेगी. इसमें बास है." चार लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर पूलभर मी अम्माला सुनावायचे शब्द जुळवत होते. देवीला शिळी फुलं देतेस?

तशीच तिच्या अंगणात शिरले. शेजारी राहायला आल्यापासून तिच्या दारातून मी पहिल्यांदाच आत जात होते. ती खाटेवर पडली होती आणि तिचे डोळे पिवळे झाले होते. माझ्या हातातली माळ बघून तिचा चेहराच उतरला. "माई ने लौटा दी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भूल मेरी ही है. माला के लिए नुक्कड़ के नल से पानी लाती हूँ, अपने लिए चापाकल का. आज उठा नहीं गया, चापाकल का ही छिड़क दिया."

मी जाऊन चापाकलाचा दांडा मारला. पाणी आलं आणि त्याबरोबर तोच वास आला. समोर माझी भिंत होती. तिच्यामागे काय आहे हे मला इंचाइंचाने पाठ होतं. पावसाने जमीन तुडुंब झाली होती आणि माझ्या घरातलं सगळं या बाईच्या पाण्यात उतरलं होतं. जन्मभर मुलांना गणित शिकवलं, आणि अंतर मात्र एकाच बाजूचं मोजलं.

तिला लगेच दवाखान्यात नेलं. कावीळ बळावली होती. आठ दिवस डॉक्टर काही खात्रीने सांगत नव्हते. त्या दिवसांत मी देवीकडे नवस बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं. एवढंच म्हणत राहिले, की माझी अक्कल तुझ्या पायाशी ठेवते, आता तू म्हणशील तसं. नवव्या दिवशी अम्माने पेज मागितली.

तिला बोलण्याइतकी ताकद आली तेव्हा मी सांगून टाकलं. "अम्मा, गड्ढा मेरा था. मिस्त्री ने कहा था, मैंने नहीं सुना."

"मालूम है, बहिनजी. वो मुझे बता गया था."

"फिर आपने कुछ कहा क्यों नहीं?"

ती म्हणाली, "नए घर को टोकते नहीं."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखी रडले. घराबद्दल जपून बोलायची आईची शिकवण मला पाठ होती, आणि माझ्या घराच्या बाबतीत ती पाळली अम्माने.

माळेच्या वासाला कारण होतं, हे मला कळतं. आमचे हे म्हणतात, योगायोग. पण इतके शुक्रवार अम्माने माईला नळाच्या चांगल्या पाण्याची माळ पाठवली, एकदाच चापाकलाचं पाणी लागलं, आणि माईने ती परत पाठवली नसती तर मी त्या दारातून कधी आत गेले नसते. यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

टँक आणि खड्डा उकरून मोगऱ्याच्या जागी नेला. या वेळी अंतर दोन्हीकडून मोजलं. भिंतीत दार पाडलं आणि आमच्या टाकीची नळी अम्माच्या अंगणात नेली. चापाकलाचं पाणी मात्र अजून सुधारलेलं नाही, दांडा दोरीने बांधून ठेवला आहे. अम्मा घरी आली, पण तिच्या हातांना कंप राहिला. सुईत दोरा जात नाही. माळ आता मी ओवते. ती खाटेवरून चुका काढते, मी उसवून पुन्हा ओवते. शुक्रवारी संध्याकाळी मी भिंतीतल्या दारातून आत गेले की ती एकच विचारते, "माई ने रख ली?" "हाँ अम्मा, रख ली," मी सांगते. तेवढं एक उत्तर आणायला मी दर शुक्रवारी पूल ओलांडते.