धाकटीच्या वाट्याचं लोखंड

मी जळकी होते. म्हातारपणी माणसांना आपलं सगळं गोडगोडच आठवतं. मला ते जमत नाही. धाकट्या जावेचा पदर दुधानं ओला दिसला की माझ्या पोटात आग पडायची. खरं आहे ते तसंच सांगते.

आमचं घर बागाईतवाल्यांचं. मंगरूळपासून बैलांच्या दमणीनं दोन-अडीच तासांच्या वाटेवर मळा होता. विहिरीवर मोट चालायची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटे, मिरच्या बाजाराला जायच्या. लढाई लागायच्या आधीची ही गोष्ट. घरात सासू, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. मला पोळ्याच्या सुमारास मुलगा झाला, तो माहेरी. सव्वा महिन्यानं त्याला घेऊन परतले आणि दुसऱ्याच दिवशी डोक्यावर वांग्याची टोपली आली. धाकटीला दिवाळीनंतर मुलगी झाली. तिची आई कधीच वारलेली, म्हणून बाळंतपण सासूनं घरीच केलं. एवढी ठिणगी मला पुरली. जिनं माझ्या डोक्याला कधी तेलाचं बोट लावलं नाही, ती हिला शेक देते, अळिवाची खीर करते, हिच्या पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालते! मला हे सगळं माझ्या आईनं केलं होतं की. पण आईनं केलेलं कोण धरतं?

त्यात माझं दूध कमी. मुलगा चोखून चोखून थकायचा आणि रडायचा. आणि ती? मुलगी पोटभर पिऊन झोपली तरी हिला पान्हा आवरायचा नाही. जास्तीचं दूध पायदळी जाऊ द्यायचं नाही, म्हणून वाटीत काढून परसातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतायची. जास्वंदीला मिळतं आणि माझ्या मुलाला मिळत नाही. मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता हे बघायची आणि जुडी अशी आवळायची की देठ तुटावेत. एखादी म्हणाली असती, दे गं, माझ्या पोराला पाज. मी जीव गेला तरी म्हणाले नसते.

बाळंत होताना धाकटीचं रक्त फार गेलं होतं. गोरी होतीच, आता चुन्यासारखी पांढरी दिसायची. सासूचं त्यावरचं औषध म्हणजे लोखंडाचं पाणी. वखराच्या जुन्या पासेचा, म्हणजे पात्याचा, तुकडा चुलीत लालभडक करायचा, पाण्यात सात वेळा विझवायचा, त्या पाण्यात आवळकाठी टाकायची आणि ते लोखंडी कढईत रात्रभर झाकून ठेवायचं. बाळंतिणीला आंबट चालत नाही, पण आवळा चालतो, असा सासूचा कायदा होता. सकाळी ते पाणी शाईसारखं काळं व्हायचं. वाटीभर गाळून अनशापोटी द्यायचं. सासूला पहाटेपासून भाजी निवडून टोपल्या भरायच्या असायच्या, म्हणून वाटी नेऊन द्यायचं काम माझ्याकडे.

"मले काहून नाही देत, मामी?" मी एकदा सासूला विचारलं.

"तुले काय धाड भरली? तुहे गाल तं पाय, भेदरावानी लाल हायेत."

झालं. आता मला त्या वाटीशिवाय दुसरं काही दिसेना. माझ्या डोक्यानं हिशेब जुळवला तो असा : हिला एवढं दूध येतं ते या पाण्यानंच. सासू मला देत नाही, कारण मला दूध यावं असं तिला वाटतच नाही.

पहिल्या दिवशी दाराआड एक घोट घेतला. विळा चाटल्यासारखी चव. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. आठवड्यात मी जवळपास सगळीच वाटी पिऊ लागले आणि तळाशी उरलेल्यात साधं पाणी ओतून ती तिच्यापुढे धरू लागले. बाळंतिणीची खोली अंधारी, रंग कुणाला कळतो! ती गुमान प्यायची आणि वर मलाच म्हणायची, "बाई, तुमाले सकायपासून माह्यासाठी किती काम."

मग एके दिवशी मला धडकी भरली. त्या काळी बायका उजाडताना जोडीजोडीनं शेताच्या बांधाकडे जायच्या, त्यात लाज कसली धरणार? बघते तर माझं सगळं काळं. काजळासारखं. पोटात लोखंड साठतंय की काय? माझ्या पोटात आहे म्हणजे दुधात आहे, दुधात आहे म्हणजे मुलाच्या पोटात. घाबरून मी चार हातांवर बसलेल्या धाकटीलाच विचारून बसले.

"काओ, तुले बी काळं होते काय?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही, बाई."

तेवढ्यावर मी जीभ चावली. चोर स्वतःच्या तोंडानं चोरी सांगतो तो असा. पण ती पुढे काही विचारेना, म्हणून मी मनाची समजूत घातली की हिला काय कळणार!

त्यानंतर मी रोज मुलाचा लंगोट उजेडात धरून बघायची. पिवळं ते पिवळंच. एक दिवस वाटे सोडून द्यावं हे पाणी, आपल्या हातानं लेकराला विष पाजतोय. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांडीला वळी पडलेली दिसायची. खरंच, तो भरत होता! संध्याकाळी मळ्यातून परतले की आधी भुकेनं टाहो फोडायचा, आता पाळण्यात निवांत झोपलेला असायचा. आणि आणखी एक गंमत माझ्या ध्यानात आली. धाकटीनं जास्वंदीच्या बुडाशी दूध ओतणं बंद केलं होतं. तिला जास्तीचं येतच नव्हतं. म्हणजे औषध तिच्याकडून माझ्याकडे आलं, तसं दूधही आलं. मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते, पण झाला. दिवसभर मी मोटेच्या पाण्याला वाट करून देताना मनातल्या मनात गुणगुणत होते.

संक्रांतीच्या आसपास धाकटी चुलीपुढून उठताना चक्कर येऊन पडली. ओठ पांढरे, नखं पांढरी. दोन पावलं चालली तरी धाप लागे. सासूनं दमणी जुंपायला लावली. मंगरूळच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस बाई डॉक्टर यायची, तिला दाखवायचं ठरलं. मीही निघाले. खरं कारण सांगू? तिला दमणीत बसवून तालुक्याला न्यायचं आणि मी मिरच्या तोडत बसायचं, हे मला सोसेना. माझ्याही पोराला दाखवायचं आहे, म्हटलं आणि चढून बसले.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाल म्हणून नव्हतंच. "हिला लोखंड हवं," त्या म्हणाल्या.

"रोज देतो जी," सासू म्हणाली. "दीड महिना झाला. माह्या हातानं करतो." आणि काय करते ते सगळं सांगितलं.

बाई विचारात पडल्या. "परसाकडे काळं होतं का गं? लोखंड पोटात गेलं की काळं होतंच."

धाकटीनं मान वर केली. सासूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो जी. काळंच होते."

तिचं काळं होत नव्हतं, हे तिनं मलाच सांगितलं होतं.

"मग लोखंड घेऊनही रक्त भरत नाही, म्हणजे दुखणं दुसरंच आहे," बाई म्हणाल्या. "अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. किती दिवस ते सांगता येत नाही. मुलीला अंगावरचं तोडा, वरचं दूध लावा."

दोन महिन्यांची मुलगी. तिला काही कळल्यासारखी ती आईच्या पदराखाली चुळबुळ करत होती. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण खरं काय ते तिनं सांगितलं नाही. लेक तोडायची पाळी आली तरी ती मला सांभाळून घेत होती.

मी बोलले. लोक म्हणतील, पश्चात्ताप झाला. तसं नव्हतं. ती माझ्यापेक्षा गोरी, तिला दूध जास्त, सासूची लाडकी, आणि आता चांगुलपणातही तिनं मला मागं टाकायचं? तिच्या उपकाराखाली जन्मभर दबून राहायचं? ते मला सहन झालं नाही.

"खोटं बोलते ते," मी म्हणाले. "ते पानी मी पेलो. तिले मी नुसतं पानी देल्लं."

सासूनं माझ्याकडे असं पाहिलं की मारलं असतं तर बरं. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एवढंच बोलली.

डॉक्टरीणबाईंनी मात्र मला रागावण्याऐवजी पापणी ओढून पाहिली. "तुम्हाला रक्ताची काही कमी नाही. कशाला प्यायलात?"

"दूध यावं म्हून. मंग भेव बी वाटे. दुधातून पोट्ट्याले बाधते काय ते?"

"लोखंडानं दूध वाढत नाही, आणि ते दुधात उतरून मुलाला बाधतही नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आईच्या दुधात लोखंड अगदी थोडं असतं. आईनं घेतलं म्हणून ते वाढत नाही. जातं ते आईच्या रक्तात. हिला मी बाटली देते, ती घेऊन हिनं खुशाल पाजावं, तोडायची गरज नाही. फक्त बाटली लेकरांच्या हाती लागू द्यायची नाही. त्यांच्या तोंडी थेट गेलं तर मात्र जिवावर बेतेल."

सासूनं सुटकेचा श्वास टाकला. मला तो टाकता येईना.

"दूध वाढलं नाही तं माह्या पोट्ट्याचं आंग कायच्यानं भरलं?" मी विचारलं. माझी एवढी एकच कमाई होती. तीही ही बाई काढून घेत होती.

बाईंनी मला पडद्यामागे नेऊन तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमच्या एवढ्याशा दुधावर हे मूल एवढं झालेलं नाही. दुसरं कोण पाजतं याला?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती आपल्या मुलीच्या कुंचीची नाडी बोटाला गुंडाळत होती.

"लय रडे तो, बाई," अखेर ती मला म्हणाली. "तुमी मळ्यात. मामी बाजारात. मी काय करू? तुमाले सांगतलं असतं तं तुमी पाजू देल्लं असतं काय?"

नसतं दिलं. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. बाटली सासूच्या मांडीवर होती. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. तिच्या अंगात रक्त नव्हतं, ते भरायचं औषध मी पीत होते, आणि उरल्यासुरल्या अंगानं ती दोघांना पाजत होती. मला तिचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. वाटत होतं ते वेगळंच. इतके दिवस माझा मुलगा कुणाच्या वासानं निजत होता, भूक लागल्यावर दाराकडे बघायचा तो कुणासाठी, हेच मला खात होतं.

घर यायच्या आधीच तो जागा झाला आणि रडू लागला. मी त्याला छातीशी धरलं. दोन घोट ओढून त्यानं तोंड सोडलं आणि ओरडायला लागला. धाकटी हलली नाही. हात पुढे केला नाही की माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दिलं तरच ती घेणार होती.

दमणीच्या खडखडाटात मी त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. त्यानं ओळखीनं तोंड लावलं आणि लगेच गप्प झाला. माझ्या पोटात आग पडली ती पडलीच. पण मी त्याला उचलून घेतलं नाही.