शिशावरचा संत

सिसिन्निओसला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी कॉन्स्टँटिनोपलमधल्या त्या सरदारघराण्याचं एकही पत्र त्याच्या हातोड्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. पत्राची दोरी शिशाच्या चकतीतल्या भोकातून ओवायची, चकती लोखंडी सांडशीच्या कोरीव जबड्यांत धरायची, वर एकच घाव. एका बाजूला संत देमेत्रिओस उमटे, दुसरीकडे मालकांचं नाव आणि हुद्दा. अशी एकवीस वर्षं गेली.

ईस्टरला मालकांचा हुद्दा वाढला. नवी सांडशी आली. जुन्या हुद्द्याचा शिक्का पुन्हा कुणी उठवू नये म्हणून जुनीच्या तोंडावर त्याच दिवशी छिन्नी मारायची, कारभारी युस्त्रातिओसने समोर उभं राहून बघायचं, असा रिवाज. पण कारभारी मेजवानीच्या धावपळीत होता.

"मोडलीस ना?" त्याने दारातूनच विचारलं.

"मोडली," सिसिन्निओस म्हणाला. खरं तर संताच्या डोळ्यांवर छिन्नी धरायला त्याचा हात धजला नव्हता. सांडशी त्याने घरी नेऊन पेटीच्या तळाशी ठेवली.

द्राक्षं उतरली तेव्हा कारभाऱ्याने त्याला बोलावून तळहातावर शिक्का उमटलेलं एक शिसं ठेवलं. नवं, चकचकीत. पण त्यावर हुद्दा जुना.

"मासळीबाजारात एका पोराच्या गळ्यात होतं. आपल्या नावाने खोटी पत्रं फिरताहेत म्हणायला राजवाड्याला एवढं पुरे. मोडताना पाहिलं, असं मी मालकांना सांगून बसलोय. आधी तुझा हात जाईल, मग माझे डोळे. जा, कुठून आलं ते शोध."

सिसिन्निओस तडक घरी गेला. बायको, अँथूसा, मसूर निवडत बसली होती.

"पेटीतली सांडशी तू काढलीस?"

"काढली. शेजारणीच्या पोराचा ताप हटेना. तुमच्याच पिशवीतली चकती, तुमचाच हातोडा. संत गळ्यात बांधला आणि ताप उतरला. मग आणखी दोघींनी मागितलं."

"तीन दिलीस?"

"तीन. चेहरा का पडलाय, अहो?"

"हात तोडतील माझा."

अँथूसा मसूर तसेच टाकून उठली. दुसरं शिसं तासाभरात आणलं. तिसरं मिळेना. एका खलाशाच्या बायकोने ते नवऱ्याच्या गळ्यात बांधलं होतं, आणि त्याचं जहाज चार दिवसांपूर्वी काळ्या समुद्रापलीकडच्या खेरसोनला निघून गेलं होतं.

सिसिन्निओस सांडशी घेऊन परतला. कारभाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि दाराला कडी घातली.

"दोनच होती. तिसऱ्याचं तू मला काही बोलला नाहीस. मोड आता."

सिसिन्निओसने छातीवर क्रूसाची खूण केली आणि छिन्नी ठेवली. पहिला घाव संताच्या गालावर बसला.

हात वाचला. पुढे अकरा वर्षं तो त्याच घरी शिसं ठोकत राहिला. पण खेरसोनचं जहाज बंदराला लागल्याचं कळलं, की उजवा हात बाहीत ओढून घेई. अंगणापलीकडे कारभारीही उभा असे. दोघं एकमेकांकडे बघत नसत.