फक्त ऐकण्याचं काम

कचेरीत तिला सगळे ताईच म्हणायचे, वयानं मोठा असलेला साहेबसुद्धा. आधी ती कोर्टात टायपिस्ट होती. लोक रडत, अडखळत, एकमेकांच्या अंगावर ओरडत साक्षी द्यायचे आणि ताई एक शब्द न गाळता कागदावर उतरवायची. तिच्या कानांची कीर्ती कुणीतरी वर पोचवली आणि गुप्तवार्ता खात्यातून बोलावणं आलं. काम एवढंच, की हेडफोन लावायचे, दुसऱ्यांचे फोन ऐकायचे आणि बोलणं जसंच्या तसं टाइप करायचं. घरी मात्र चकार शब्द काढायचा नाही. नवरा बस चालवायचा. त्याला तिनं सांगितलं, "टेलिफोन खात्यात लागले." तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

सुरुवातीला तिला दुसऱ्याच्या दाराला कान लावल्यासारखं वाटायचं. पण माणूस कशालाही सरावतो. चोर पकडायचे तर कुणीतरी ऐकायलाच हवं, अशी ती मनाची समजूत घालायची. एकदा तिच्या ऐकण्यावरून दरोडेखोरांची अख्खी टोळी सापडली, तेव्हा तर तिची मान ताठ झाली होती.

मग तिच्या वाट्याला औषधवाला आला. साधं औषधांचं दुकान होतं त्याचं. कारखाना घाण पाणी नदीत सोडतो आणि पोरं आजारी पडतात, असं तो सभांमधून बोलायचा, म्हणून त्याच्या फोनवर पाळत. फोनवर मात्र तो बहुतेक वेळा थोरल्या बहिणीशीच बोलायचा. अक्काला ऐकू कमी. हा म्हणायचा, "खोकला झालाय," की ती घाबरून विचारायची, "ठोकला? कुणाला ठोकलास?" ताई हेडफोनमध्ये एकटीच खुदकन हसायची. त्याचे दुखरे गुडघे, अक्काची तक्रारखोर सून, आईविना वाढलेली त्याची पोर, सगळं तिला नात्यातल्यासारखं ठाऊक झालं.

त्या पोरीचं लग्न ठरलं. औषधवाला खुशीत ओरडला, "अक्का, महिनाअखेर असा बार उडवून देऊ, की सगळं शहर बघत राहील!"

"आणि कारखान्याचे साहेब?"

"त्यांना तर पहिलं बोलावणार!"

ताईनं शब्दन्‌शब्द टाइप केला आणि खाली शेरा मारला : मुलीच्या लग्नाविषयी.

त्याच आठवड्यात हेडफोनमध्ये पोरीचं रडणं आलं. "आत्या, बाबांना धरून नेलं. म्हणतात, कारखाना उडवणार होते. पायात चपलाही घालू दिल्या नाहीत." अक्काला ते मात्र पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं.

ताई तडक साहेबाकडे गेली. "साहेब, काहीतरी घोळ झालाय. बार उडवणं म्हणजे..."

"मला बार उडवणं कळत नाही का?" साहेब शांतपणे म्हणाला. "माझ्या मुलीच्या लग्नाचा मीही उडवलाच होता."

"मग?"

"मग काय? हे शब्द तो बोलला ना?"

"बोलला, पण मी खाली शेरा लिहिला होता."

"शेरा काढलाय. तुमचं काम फक्त ऐकण्याचं. आणि ताई, साक्षीला तुम्हालाच उभं राहायचंय. तुमचे मिस्टरही सरकारी बसवरच आहेत ना? जपून."

कोर्टात ताईनं औषधवाल्याला प्रथमच पाहिलं. मनात तिनं त्याला चांगला धिप्पाड केला होता. समोर होता किडकिडीत, टक्कल पडलेला माणूस. त्याच्या वकिलानं तिला सरळच विचारलं, "बाई, तुम्ही वर्षभर यांचं बोलणं ऐकलंत. या वाक्याचा अर्थ तुम्हाला काय वाटला?"

साहेब पहिल्या बाकावर बसला होता. ताईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मी फक्त ऐकते," ती म्हणाली. "अर्थ लावणं माझं काम नाही."

औषधवाल्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. ही कोण, एवढंच कुतूहल. त्याच्या वर्षभराच्या हसण्यारडण्याची ही सोबतीण, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याला शिक्षा झाली. नवऱ्या मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. दुकानाला कुलूप लागलं, आणि पोर अक्काकडे राहायला गेली. कारखान्याविरुद्धच्या सभा तर आपोआपच थांबल्या. ताईनं राजीनामा दिला. तिला वाटलं होतं, निदान कुणी तरी 'थांबा' म्हणेल. साहेबानं वर न बघता सही केली. तिच्या खुर्चीवर दुसऱ्याच दिवशी एक चुणचुणीत मुलगी बसली. तिला शेरे लिहायची खोड नव्हती.

अखेर एका संध्याकाळी ताईनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं, तो चिडेल, निदान पाठीवरून हात तरी फिरवेल. त्यानं एवढंच विचारलं :

"माझंही ऐकलंस का कधी?"

"नाही हो! शपथेवर सांगते."

"शपथेवर तर तू कोर्टातही सांगितलंस," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही, भांडला नाही. पण तेव्हापासून भावाला फोन करायचा असला, की तो पायात चपला सरकवतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. घरात दोघं बोलतात ते भाजीचं, दिव्याच्या बिलाचं, पावसापाण्याचं, एवढंच. ते बोलणं कुणीही खुशाल ऐकावं.