वहिनींभोवतीचं कडं

रविवारी दुपारी, ऐन लढाईत, आमच्याकडची लाइट गेली. वहिनींचा जीव वरखाली होऊ लागला. कॉम्प्युटरवर त्या एक ऑनलाइन खेळ खेळतात, त्यात त्या वैदू आहेत. गावोगावच्या, कधीही न भेटलेल्या मंडळींसोबत एका राक्षसाशी लढायचं आणि जखमी साथीदारांना बरं करायचं, हे त्यांचं काम. राक्षस काही केल्या हरत नव्हता. "त्याच त्या राक्षसाकडे पुन्हा पुन्हा कशाला जाता?" असं मी विचारलं, की म्हणायच्या, "भाऊजी, तुम्हाला नाही कळायचं."

लाइट आली. वहिनींनी घाईघाईने खेळ उघडला. त्यांची हिरव्या झग्यातली वैदू मैदानात पुतळ्यासारखी उभी होती आणि तिच्याभोवती साथीदारांनी कडं केलं होतं. राक्षसाचे घाव ते स्वतःवर झेलत होते. हेडफोनमधला कल्ला मलाही ऐकू आला : "ताई आल्या!"

मी चार दिवस रजेवर गेलो, तर ऑफिसात माझी खुर्ची दुसऱ्या टेबलाला जाते. इथे न पाहिलेली माणसं एका बाईची जागा जिवाच्या आकांताने राखत होती. माणूस खेळाकडे नाही, अशा जागेकडे परत येत असावा.

वहिनींची बोटं भराभर चालली. एकेक साथीदार सावरला, आणि राक्षस कोसळला! वहिनी दोन्ही हात वर करून ओरडल्या. मीही ओरडलो.

"जिंकलात! आता खेळ बंद?"

"बंद कसा?" घाम पुसत वहिनी म्हणाल्या. "उद्या त्यांची लाइट गेली, तर कडं कोण करणार?"